रिकाम्या जागेत काय उरते?

(घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड येथील श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बालाघाटाच्या पठारावर विहीर बाळगणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. पावसाने ओढ दिली, पाणी तळाला गेले, की काठावरची मोटर निरुपयोगी ठरते. मग ती दोर लावून विहिरीच्या पोटात उतरवावी लागते. जास्त अश्वशक्तीची मोटर आणली म्हणून हा त्रास चुकत नाही. समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर ही पाणी ‘ओढण्या’ची अखेरची मर्यादा आहे. पठारावर हवेचा दाब कमी असल्यामुळे ती आणखी खाली येते. पाइपातील घर्षण आणि फूटव्हॉल्व्हची गळती जमेस धरली, तर व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. गावातला हातपंप मात्र खोल बोअरमधून पाणी देतो, कारण त्याचा सिलिंडर खाली पाण्यातच बुडालेला असतो. तो पाणी ओढत नाही, वर उचलतो.

या साध्या अनुभवात मानवी बुद्धीला अडीच हजार वर्षे छळणारा एक प्रश्न दडलेला आहे. मोटर पाइपातील हवा काढून घेते आणि आत पोकळी निर्माण होते. ती पोकळी पाण्याला ओढते, असे आपण सहज बोलून जातो. पण जेथे काहीच नाही, ते ओढणार कसे? वस्तुतः पोकळी कशालाही ओढत नाही. विहिरीतील पाण्यावर बसलेला हवेचा भार पाण्याला पाइपात ढकलतो. तो भार जेवढे पाणी तोलू शकेल, तेवढेच पाणी चढते. मग त्या पोकळीचे स्वतःचे असे काही स्वरूप आहे की नाही? सर्व काही काढून टाकल्यावर जे उरते, त्याला काय म्हणावे? हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पोकळीचा शोध

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने पोकळी अशक्य आहे, असा निर्वाळा दिला होता. पुढे युरोपात ‘निसर्गाला पोकळीचे वावडे आहे’ हे वचन जवळजवळ धर्मवचनासारखे मानले गेले. पंप का चालतो, याचे उत्तरही तेच होते. परंतु इटलीतील पंपही दहा मीटरच्या आसपास येऊन थांबत. निसर्गाचे वावडे दहा मीटरपर्यंतच का असावे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

ते उत्तर गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने दिले. त्याने पाण्याऐवजी तेरापटीहून अधिक जड असा पारा घेतला. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उपडी धरली, तेव्हा पारा सुमारे ७६ सेंटीमीटरवर येऊन थांबला आणि वर मोकळी जागा राहिली. १६४४ साली लिहिलेल्या पत्रात त्याने याचे कारण सांगितले. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे, हे ते कारण. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कल याने आपल्या मेहुण्याकरवी हीच नळी प्युय द डोम या डोंगरावर नेवविली. उंचीवर पारा खाली आला, आणि हवेच्या भाराचा सिद्धांत पक्का झाला. १६५७ मध्ये जर्मनीतील माग्देबुर्ग येथे ऑटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतील हवा काढली. दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल विलग होईनात.

पोकळी असू शकते, हे सिद्ध झाले. पण ती खरोखर रिकामी होती का? तोरिचेल्लीच्या नळीतील मोकळ्या जागेतून प्रकाश आरपार जात होता. सूर्याचा प्रकाश तर पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर ओलांडून येतो. लाट म्हटली की तिला माध्यम हवे. पाण्याच्या लाटेला पाणी लागते, ध्वनीला हवा लागते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी सर्वत्र भरून राहिलेल्या ‘ईथर’ची कल्पना केली. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी या ईथरमधून धावणाऱ्या पृथ्वीला लागणारा ‘वारा’ अत्यंत काटेकोर उपकरणाने शोधला. तो सापडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले की, प्रकाशाला अशा माध्यमाची गरजच नाही. ईथर गेला आणि पोकळी पुन्हा रिकामी झाली.

तथापि तीही फार काळ तशी राहिली नाही. १९१५ मध्ये त्याच आइन्स्टाइन यांनी मांडले की, अवकाश हे घटनांचे निर्जीव व्यासपीठ नाही. वस्तुमानाच्या सान्निध्यात ते वाकते, ताणले जाते, थरथरते. ज्यात काहीच नाही असे आपण समजत होतो, ते स्वतःच एक ‘काही’ ठरले.

शांततेतील अस्वस्थता

यानंतर क्वांटम सिद्धांताने पोकळीचे चित्र आणखी पालटले. या सिद्धांतानुसार कोणतीही गोष्ट संपूर्णपणे स्थिर राहू शकत नाही. तापमान निरपेक्ष शून्याच्या जवळ नेले, तरी अल्पशी हालचाल शिल्लक राहतेच. द्रवरूप हेलियम याची साक्ष देतो. बाकीचे पदार्थ गारठून घट्ट होतात. हेलियम मात्र सामान्य दाबाखाली कितीही थंड केला तरी गोठत नाही, द्रवच राहतो. त्याच्या अणूंची ही शेवटची चळवळ त्याला घट्ट होऊ देत नाही. गोठवायचा तर वातावरणाच्या सुमारे पंचवीसपट दाब द्यावा लागतो.

जे अणूंचे, तेच विद्युत्-चुंबकीय क्षेत्राचे. सर्व कण आणि सर्व प्रकाश काढून टाकला, तरी क्षेत्र उरते आणि त्याची किमान अवस्था संपूर्ण निश्चल नसते. १९४७ मध्ये विलिस लॅम्ब आणि त्यांचे सहकारी रेदरफर्ड यांनी हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्यांत जो सूक्ष्म फरक मोजला, त्याचे स्पष्टीकरण या अस्वस्थतेवाचून होत नाही. १९४८ मध्ये डच शास्त्रज्ञ कॅसिमिर यांनी असे भाकीत केले की, पोकळीत अगदी जवळ ठेवलेल्या दोन विद्युतभाररहित धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. १९९७ मध्ये लॅमोरॉ यांनी हे बल चांगल्या अचूकतेने मोजले. या बलाचा अर्थ पोकळीच्या ऊर्जेने लावावा की पट्ट्यांमधील विद्युतभारांच्या परस्परसंबंधाने, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. बल आहे, याविषयी मात्र नाहीत. २०१२ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत हिग्ज कण सापडला. ज्या क्षेत्राचा तो कण, ते क्षेत्र रिकाम्या जागेतही शून्य नसते, आणि इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळते ते त्याच्यामुळेच.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. पोकळीत ऊर्जा आहे असे कळताच त्या ऊर्जेवर फुकट चालणारी यंत्रे विकण्यास निघालेले लोक जगभर आढळतात. पोकळी ही निसर्गाची सर्वांत खालची पायरी आहे. तळाला पोहोचलेल्या पाण्यावर जसे चाक फिरवता येत नाही, तसेच या ऊर्जेचे आहे.

विज्ञानाचा गर्व उतरवणारी गोष्टही येथेच आहे. १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांचा अभ्यास करणाऱ्या दोन गटांना आढळले की, विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत आहे. जणू रिकाम्या अवकाशातच विश्वाला पसरवणारी एखादी ऊर्जा भरलेली आहे. या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु क्वांटम सिद्धांताने ढोबळमानाने काढलेली पोकळीची ऊर्जा आणि आकाशात प्रत्यक्ष आढळणारी ऊर्जा यांत एकावर सुमारे १२० शून्ये एवढ्या पटीची तफावत येते. रिकाम्या जागेचे कोडे आजही सुटलेले नाही, हे भौतिकशास्त्र मोकळेपणाने मान्य करते.

आकाश, दिक् आणि शून्य

आता आपल्या दर्शनांकडे वळू. ‘आकाश’ म्हणजे रिकामी जागा, असा समज सार्वत्रिक आहे. पण कणादांच्या वैशेषिक दर्शनात नऊ द्रव्ये सांगितली आहेत : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मन. यांत आकाश वेगळे आणि दिक् वेगळी. आकाश हे शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे, अधिष्ठान. पूर्व-पश्चिम, जवळ-दूर हा व्यवहार ज्यामुळे घडतो, ती दिक्. पुढच्या आचार्यांनी ‘अभाव’ हाही एक स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कशाचे ज्ञान आहे, यावर त्यांनी शतकानुशतके वाद केले. ‘असलेल्या’ गोष्टींची मोजदाद सर्वच संस्कृतींनी केली. ‘नसण्या’ची इतकी बारीक छाननी मात्र क्वचितच झाली असेल.

बौद्ध आचार्यांपैकी वैभाषिकांनी आकाशाचे लक्षण ‘अनावरण’ असे केले. जे कशालाही अडवत नाही, ते आकाश. सौत्रांतिकांच्या मते तर स्पर्श होईल अशा वस्तूचा अभाव एवढाच आकाशाचा अर्थ. नागार्जुनांनी आणखी खोल जाऊन विचारले की, लक्षणाच्या आधी आकाश कोठे असते? त्यांची शून्यता म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे. प्रत्येक वस्तू इतरांच्या आधारानेच असते, तिला एकटीचा स्वयंभू स्वभाव नाही, हा शून्यतेचा अर्थ आहे.

आकाश म्हणजे निव्वळ अभाव, या मताला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात जे उत्तर दिले, ते मोठे मनोज्ञ आहे. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : अडथळ्याचा अभाव एवढेच जर आकाश असेल, तर एक पक्षी उडू लागताच अडथळा उत्पन्न झाला. मग दुसऱ्या पक्ष्याला उडायला आकाश उरणार नाही. जेथे अडथळा नाही तेथे तो उडेल, असे म्हणाल, तर ते ‘जेथे’ म्हणजेच आकाश. म्हणजे आकाश हा अभाव नव्हे, ती भावरूप वस्तू आहे.

हाच वाद नंतर सुमारे नऊशे वर्षांनी युरोपात झडला. १७१५-१६ मध्ये न्यूटनच्या बाजूने क्लार्क आणि दुसऱ्या बाजूने लायब्नित्स यांच्यात पत्रयुद्ध झाले. अवकाश स्वतंत्र वस्तू आहे की वस्तूंमधील संबंधांचे केवळ नाव आहे, हाच त्याचा विषय होता. तो वाद आइन्स्टाइननंतरही संपलेला नाही.

‘ख’ या शब्दाचा अर्थ आकाश आणि संख्यालेखनात शून्य. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्याचे गणित नियमबद्ध केले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. तीत कितीही मिळवले वा वजा केले तरी बदल होत नाही, हे सांगताना त्यांना अनंत अशा अच्युताची उपमा सुचली. आजचे गणित शून्याने भागण्याची मुभा देत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पण ज्या रिकाम्या जागेपुढे इतर थबकले, तिला अंक म्हणून पंक्तीत बसवण्याचे धैर्य येथे दाखवले गेले, हे निःसंशय.

अंबाजोगाईचे वस्त्र

या विचाराची एक विलक्षण खूण आपल्याच तालुक्याच्या गावी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकालात अंबाजोगाईला राहिलेल्या सर्वज्ञ दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हे प्रकरण कागदावर नव्हे, तर लांबलचक जाड्याभरड्या कापडावर लिहिले. तीच दासोपंतांची प्रसिद्ध पासोडी. पंचमहाभूतांपासून ही सृष्टी कशी घडली, हा गहन विषय त्यांनी मराठीत मांडला आणि अंगावर पांघरायच्या वस्त्रावर उतरवला.

वेदान्तातील पंचीकरणाचा सिद्धांत असा : आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, मग तेज, आप आणि पृथ्वी, अशी सूक्ष्म भूते क्रमाने उत्पन्न झाली. ती एकमेकांत मिसळून स्थूल झाली. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक-अष्टमांश. हा हिशेब आकाशालाही लागू आहे. म्हणजे ज्याला आपण मोकळे आकाश म्हणतो, त्यातही वायू, तेज, आप आणि पृथ्वी यांचा वाटा आहे. निव्वळ रिकामे असे या मांडणीत काहीच नाही.

हे ऐकताच एक वाक्य ओठांवर येते : “म्हणजे आजचे क्वांटम आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होते!” श्रोतेहो, हे वाक्य टाळले पाहिजे. ते परक्यांना रुचणार नाही म्हणून नव्हे. ते खरे नाही, म्हणून. पंचीकरणातील अर्धा आणि अष्टमांश ही मोजमापे नव्हेत. कोणत्याही वस्तूला स्वयंपूर्ण समजून तिच्यात गुंतू नये, दृश्याकडून द्रष्ट्याकडे वळावे, हा त्या विवेचनाचा हेतू आहे. कॅसिमिरच्या पट्ट्यांमधील बल आकड्यांत मोजायचे असते आणि आकडा चुकला तर सिद्धांत टाकून द्यायचा असतो. एकाची कसोटी अनुभूती आणि विवेक, दुसऱ्याची कसोटी माप. दोघांना एकाच तागडीत घालणे हा दोघांवरही अन्याय आहे. उद्या भौतिकशास्त्राने आपला सिद्धांत बदलला, तर काय वेदान्तही बदलायचा?

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६०च्या दशकात अवकाशात पसरलेल्या, ऋण ऊर्जेच्या एका निर्मितीक्षेत्राची कल्पना मांडली होती. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असतानाही ते आपल्या मताची तपासणी करत राहिले. भारतीय गणित-ज्योतिषाच्या खऱ्या कर्तृत्वाची त्यांना जाण होती. पण प्राचीनांच्या नावावर दावा करायचा तर पुरावा हवा, हा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही. या आग्रहाने अभिमान उणावत नाही, त्याला पाया मिळतो.

औंढ्याची पोकळी

आता मराठवाड्यातल्याच दुसऱ्या तीर्थाकडे जाऊ. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे संत नामदेवांना विसोबा खेचर भेटले, असे परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी त्यांना हटकले, तेव्हा ते म्हणाले की, जेथे देव नाही अशी जागा दाखव आणि तेथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय जेथे जेथे नेले, तेथे तेथे पिंड दिसली. देवावाचून रिकामी जागा नामदेवांना सापडली नाही. आणि ‘खेचर’ या नावाचा अर्थच मुळी ‘ख’मध्ये, आकाशात संचार करणारा.

त्याच औंढ्याच्या परिसरात आज माणूस जाणीवपूर्वक पोकळी निर्माण करू पाहत आहे. ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था अशा संस्था या कार्यात आहेत. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर आणि टोकांना आरसे, अशी ही रचना. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांची लहर प्रथम टिपली. भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाच्या घरातला होता. अशा लहरी नेमक्या आकाशाच्या कोणत्या भागातून आल्या, हे ठरवण्यासाठी पृथ्वीवर दूरदूर वेधशाळा लागतात. औंढ्याचे महत्त्व त्यात आहे.

हवेचे रेणू आरशांवर आपटत राहिले, तर मोजणी बिघडते. म्हणून अमेरिकेतील प्रत्येक वेधशाळेच्या नळ्यांतून सुमारे दहा हजार घनमीटर हवा काढावी लागली, आणि तिला चाळीस दिवस लागले. आत उरला वातावरणाच्या एक लक्ष कोटीव्या हिश्शाएवढा दाब. एवढे करूनही हिशेब मांडला तर दर घन सेंटीमीटरला अडीच कोटींच्या आसपास रेणू शिल्लक राहतातच. माणसाच्या हातून संपूर्ण रिकामी जागा घडत नाही. दीर्घिकांमधील अथांग अवकाशात एका घनमीटरला अणू जेमतेम एखादा. पण तेथेही प्रत्येक घन सेंटीमीटरला विश्वाच्या आरंभकाळातील प्रकाशाचे सुमारे चारशे कण वावरत असतात.

औंढ्याला पोकळी कशासाठी हवी? सर्व गोंगाट बाजूला सारल्यावर खुद्द अवकाशाची थरथर ऐकू यावी, यासाठी. साधकाने मन रिकामे करावे, असे आपले संत सांगत आले, तेही काही ऐकू यावे म्हणूनच. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत, पण रिकामेपण साधायला दोघांनाही शिस्त लागते.

तेव्हा प्रश्न पूर्वजांना काय ठाऊक होते, एवढाच नाही. त्यांनी पक्ष्याच्या उदाहरणावरून वाद घातले, शून्याला अंक केले, गहन विचार मायबोलीत आणून वस्त्रावर लिहिला. आजच्या पिढीने काय करायचे? चार किलोमीटरच्या नळीला सुईच्या अग्राएवढेही छिद्र राहून चालत नाही. तो सांधा जोडणारा कारागीर, आरसा घासणारा तंत्रज्ञ आणि आलेल्या लहरीचा अर्थ लावणारा गणिती यांच्यात मराठवाड्याची मुले किती असतील? घाटनांदूरच्या शाळेतील एखाद्या मुलाने आज विचारले की मोटर विहिरीत का उतरवावी लागते, तर त्याला ‘ती तशीच असते’ असे सांगून गप्प बसवू नये. त्याला पाऱ्याची नळी दाखवावी, अंबाजोगाईची पासोडी दाखवावी, औंढ्याला घेऊन जावे.